रिपोर्ट येईपर्यंत

‘पुढे काय होणार तेच माहीत नाही, आणि तुम्ही सांगता वर्तमानात राहा. वर्तमानातच तर सगळा घोळ आहे!’

सजगता, म्हणजे ज्याला हल्ली सगळे माइंडफुलनेस म्हणतात, तिचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणारा कधी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तिसरं वर्ष काढणारा आणि परीक्षेची तारीख पुन्हा पुढे गेलेला मुलगा असतो. कधी शेजारच्या टीमला घरी पाठवल्यापासून कंपनीची मेल उघडायला न धजावणारी हिंजवडीतली बाई असते. बियाणं घरात आणून ठेवून जूनअखेरीस आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्याने विचारला तरी प्रश्न हाच. आणि तो रास्त आहे. त्यावर सुविचार ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ.

तेव्हा आधी दुखतंय कुठे ते बघू. माहीत नसणं माणसाला एवढं का छळतं, हे कळलं की सजगता त्यातल्या कुठल्या भागाला हात घालते आणि कुठल्या भागाला घालू शकत नाही, हे आपोआप उलगडेल.

१. वाट पाहणं इतकं जड का जातं?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना एक संगणकी खेळ खेळायला बसवलं. पडद्यावर दगड दिसायचा. त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. कुठल्या दगडाखाली साप निघायची शक्यता किती, याचा अंदाज खेळता खेळता यायचा. पण तो बसतो न बसतो तोच शक्यता बदललेली असायची. त्या वेळात खेळणाऱ्यांच्या त्वचेवरचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांची मोजमापं घेतली जात होती. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

झटका हमखास बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं आपल्याला वाटेल. पण तो सर्वांत जास्त निघाला शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार हे कळलेली माणसं त्या मानाने स्वस्थ होती.

दवाखान्याच्या बाकावर एकदा बसलेल्या कुणालाही हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ‘काय ते एकदाचं कळू दे’ हे आपण म्हणतोच. पुष्कळदा वाईट बातमी कळते त्या रात्री घरात झोप लागते; आदल्या रात्री ती लागलेली नसते. बातमी कळली की कामं सुरू होतात. पैसे कुठून उभे करायचे, रजा कोण काढणार, मुंबईला जायचं की इथेच ऑपरेशन करायचं. बातमी कळेपर्यंत मात्र हातांना काम नसतं आणि डोक्याला थारा नसतो.

शरीरात या वेळी काय चालतं? मेंदूच्या आत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका दिसला की तो क्षणात शरीराला तयारीत उभं करतो. अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. प्रकरण लांबलं तर कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक ही तयारी टिकवून धरतं. समोर कुत्रा धावून आला तर ही व्यवस्था फार कामाची, कारण दोन मिनिटांत निकाल लागतो: एकतर आपण पळतो, नाहीतर कुत्रा. पाच दिवसांनी येणाऱ्या रिपोर्टपासून पळता येत नाही आणि त्याच्याशी दोन हातही करता येत नाहीत. शरीर मात्र पाचही दिवस पळायच्या तयारीत उभं असतं. मग पाठ धरते, पोट बिघडतं, क्षुल्लक कारणावरून पोरांवर आवाज चढतो.

२०२० चा उन्हाळा आठवा. २४ मार्चला २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. एकवीस दिवस म्हणून माणसांनी मनाची तयारी केली. मग तारीख ३ मे झाली, नंतर १७ मे, नंतर ३१ मे. पुष्कळांना घरात बसण्यापेक्षा ही सरकत जाणारी तारीख जास्त जाचली.

२. रिकामी जागा आणि आत्या

माहिती नसलेली जागा मन रिकामी ठेवत नाही. ते ती भरतं, आणि बहुधा वाईटानेच भरतं.

बऱ्याच घरांत एक काळजीवाहू आत्या असते. मुलगा यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिला अपघात दिसतो. ताप आला की टायफॉइड. तिचा जीव असतो आपल्यावर, यात शंका नाही. पण तिच्याकडे माहिती शून्य असते आणि खात्री मात्र शंभर टक्के. आपल्या डोक्यात अशी एक आत्या कायमची मुक्कामाला आहे. अनिश्चिततेच्या काळात तिचं तोंड थांबत नाही.

तिच्याशी वागायच्या दोन रीती आपल्याला येतात. एक म्हणजे तिच्या नादी लागणं. ती म्हणाली नोकरी जाणार. मग कर्जाचे हप्ते थकणार, फ्लॅट जाणार, मुलीची शाळा बदलावी लागणार. पंधरा मिनिटांत आपण, अजून न गेलेल्या नोकरीपायी, गावच्या घराची डागडुजी कशी करायची इथवर पोचलेलो असतो. दुसरी रीत म्हणजे तिला गप्प बसवणं: ‘नाही, नाही, असला विचारच करायचा नाही.’ याचंही काय होतं ते डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवून दिलं. त्याने माणसांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. नंतर ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर, आधी विचार दाबून धरलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

मनाचं हे भटकणं किती चालतं? हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० जणांना दिवसातून अवचित फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत, जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. मन दुसरीकडे असताना माणसं कमी आनंदी होती. विचार सुखाचे असले तरी कामात असलेल्यांपेक्षा ती अधिक आनंदी नव्हती. हे एरवीच्या दिवसांचं. रिपोर्टची वाट पाहतानाच्या दिवसांचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आत्याशी वागायची तिसरी रीतही असते, आणि घरातल्या खऱ्या आत्याशी आपण तीच वापरतो. ‘हो आत्या, कळलं. बस, चहा घे.’ तिचं म्हणणं ऐकलं, ते तिचं म्हणणं आहे हे ओळखलं, आणि आपण आपल्या कामाला लागलो. तिला घराबाहेर काढलं नाही, आणि तिच्या सांगण्यावरून पोलीस स्टेशनही गाठलं नाही.

३. सजगता म्हणजे काय, आणि काय नव्हे

आत्ता जे घडतंय, बाहेर आणि आपल्या आत, त्याकडे जाणूनबुजून लक्ष देणं, आणि देताना लगेच चांगलं-वाईट असा निवाडा न करणं, ही सजगता. आत घडणाऱ्या गोष्टींत विचारही आले. ‘नोकरी जाणार’ ही बातमी नाही, ‘नोकरी जाणार’ असा एक विचार आत्ता मनात आला आहे, हे दिसणं म्हणजे सजगता.

महाराष्ट्राला हे परकं नाही. याचं मूळ बुद्धाच्या शिकवणीत आहे. ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार होते. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन या गुरूंकडे विपश्यना ही ध्यानपद्धत शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं. दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले काही दिवस तिथे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाखेरीज दुसरं काही पाहायचं नसतं. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टरमधल्या वैद्यकीय केंद्रात अशाच साधनेतून, धार्मिक भाग बाजूला ठेवून, आठ आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. जुन्या दुखण्यांचे, औषधांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण तिथे यायचे. पहिल्याच तासाला एक बेदाणा हातात देतात आणि तो आयुष्यात प्रथमच पाहिल्यासारखा पाहून, हुंगून, सावकाश खायला सांगतात. आज जगभर रुग्णालयांत जी सजगता शिकवली जाते, तिचा बराचसा भाग या वर्गातून निघाला आहे.

आता काय नव्हे ते. मन रिकामं करणं ही सजगता नव्हे. ते होत नाही. ‘सगळं छान होईल’ म्हणत राहणंही नव्हे, कारण सगळं छान होईलच असं नाही. शांत वाटणं हेसुद्धा तिचं ध्येय नाही. पुष्कळदा शांत वाटतं, पण ते वाटावं म्हणून डोळे मिटून बसलं की दर मिनिटाला ‘अजून का वाटत नाही?’ अशी नवीच कटकट सुरू होते. आणि ‘होईल ते होईल’ हा दैववाद तर मुळीच नव्हे. सजग माणूस विम्याचा हप्ता चुकवत नाही.

४. बुधवार ते सोमवार

एक उदाहरण पायरी-पायरीने पाहू. समजा, तुमच्या आईच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा बुधवारी तपासायला गेला आहे. रिपोर्ट सोमवारी. आज गुरुवार, रात्रीचे साडेअकरा. तुम्ही अंथरुणात फोनवर गाठींबद्दल वाचत पडला आहात, आणि प्रत्येक पान आधीच्यापेक्षा भयंकर आहे.

फोन बाजूला ठेवा. विचारांना हात लावायच्या आधी शरीराकडे जा. भीती जाणवते आहे कुठे? छातीवर दडपण असेल, जबडा आवळलेला असेल, पोटात गोळा असेल. तो घालवू नका. एखादं मिनिट नुसतं पाहा: वाढतोय, कमी होतोय, सरकतोय? विचार उद्याचे-परवाचे असतात, पण पोटातला गोळा आत्ताचा असतो. म्हणून वर्तमानात यायचा सर्वांत जवळचा रस्ता शरीरातून जातो.

मग त्याला नाव द्या. ‘भीती आहे.’ एवढंच, मनातल्या मनात. हे बाळबोध वाटेल, पण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाहिलं की भेदरलेल्या, चिडलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना त्या भावनेला शब्द दिला, तर अमिग्डालाची खळबळ कमी होते.

त्यानंतर तीन रकाने करा, जमल्यास कागदावर. कळलेलं: गाठ आहे, तुकडा गेला आहे, रिपोर्ट सोमवारी आहे. कल्पिलेलं: बाकी सगळं. करण्याजोगं: आईची जुनी फाइल लावणं, विम्याचे कागद शोधणं, सोमवारी सोबत कोण येणार ते दादाशी बोलणं. रात्री साडेअकराला यातलं काहीच होणार नाही. म्हणून एकच ठरवा: सकाळी नऊला दादाला फोन. पहिल्या दोन रकान्यांची लांबी एकदा नजरेखालून घाला. कळलेलं तीन ओळींत संपतं.

शेवटी श्वास. नेहमीसारखा घ्या, पण सोडताना थोडा लांबवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. आठ-दहा श्वास पुरे.

आणि दोन मिनिटांनी आत्या पुन्हा बोलेल, हेही लक्षात ठेवा. मग पुन्हा शरीर, पुन्हा नाव. रात्रीत वीस वेळा करावं लागलं तर वीस वेळा. यात ‘जमलं नाही’ असं काही नसतं.

भीती सोमवारपर्यंत जाणार नाही. मग मिळालं काय? हा प्रश्न विचारताना आपण आईला विसरतो. बुधवारपासून तीही याच घरात आहे. मटार सोलता सोलता ती तुमचा चेहरा बघते आहे. तिला कदाचित आजाराबद्दल बोलायचं असेल; कदाचित मालिकेतल्या सुनेबद्दलच बोलायचं असेल. तुमचं लक्ष शाबूत असेल तर दोन्हीपैकी काय ते तुम्हाला कळेल. माझ्या मते अनिश्चित काळात सजगतेचा मोठा उपयोग हाच: भविष्याच्या तर्कवितर्कांत वाया जाणारं लक्ष घरातल्या माणसांच्या वाट्याला येतं.

५. बॉम्ब पडत असताना भांडी घासणं

‘हे सगळं सुखवस्तू लोकांचे चोचले’ असा एक आक्षेप असतो. अमेरिकेतल्या चकचकीत मासिकांतली सजगता पाहिली तर तो पटतोही. पण या विषयावरचं जगात सर्वाधिक वाचलं गेलेलं एक पुस्तक व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलं गेलं.

तिक न्यात हान हे व्हिएतनामी बौद्ध भिक्षू. १९६० च्या दशकात त्यांनी तरुण समाजसेवकांची एक संस्था उभी केली. ही मुलं खेडोपाडी शाळा आणि दवाखाने चालवायची, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली घरं पुन्हा बांधायची. ती कुणाच्याच बाजूची नसल्यामुळे दोन्ही बाजूंना त्यांचा संशय यायचा. काही जण मारले गेले. शांततेची मागणी केल्यामुळे स्वतः न्यात हान यांना मायदेशी परतता येईना. १९७४ मध्ये फ्रान्समधून त्यांनी या संस्थेतल्या एका प्रमुख कार्यकर्त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं, आणि त्याचंच पुढे ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ हे पुस्तक झालं.

उद्या जिवंत असू का याची शाश्वती नसलेल्या मुलांना त्यांनी काय सांगावं? भांडी घासताना भांडी घासा. संत्र्याची एक फोड तोंडात असताना दुसरी सोलायची घाई करू नका. हे त्यांनी सांगितलं ते मुलं सुखात होती म्हणून नव्हे. खचलेला कार्यकर्ता दुसऱ्याच्या कामाला येत नाही, आणि युद्ध संपेपर्यंत विसाव्याची वाट पाहायची तर तोवर कुणी उरलंच नसतं. विसावा कामातच शोधावा लागणार होता.

आपल्याला यातून घेण्यासारखं साधं आहे. रोज करतो ती दोन-तीन कामं निवडायची, जशी आंघोळ, चहा किंवा लोकलच्या पुलावरचं चालणं, आणि तेवढ्या वेळात लक्ष त्या कामातच ठेवायचं. पाण्याचा ऊबदारपणा, आल्याचा वास, पायरीवर टेकणारा पाय. मन सटकलं की ‘सटकलं’ म्हणून परत आणायचं. जोडीला रोज दहा मिनिटं एका जागी बसून श्वास पाहायचा. त्या दहा मिनिटांत मन तीस वेळा पळालं आणि तीस वेळा परत आणलं, तर सराव तीस वेळा झाला.

६. संकट येण्याआधी

भारतीय वंशाच्या मेंदूशास्त्रज्ञ अमिशी झा यांनी अमेरिकी मरीन सैनिकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सैनिक लवकरच इराकला निघणार होते, आणि निघण्याआधीचे आठवडे मनावर फार भारी असतात. मोजायची होती कार्यस्मृती: एखादा आकडा किंवा समोरच्याचं वाक्य डोक्यात धरून ठेवून त्यावर काम करण्याची ताकद. ताणात हीच आधी ढासळते. म्हणून चिंतेत माणूस गॅस बंद केला का ते तीनदा बघतो.

एका गटाला आठ आठवडे सजगता शिकवली. ज्यांनी स्वतः भरपूर सराव केला त्यांची कार्यस्मृती टिकून राहिली. ज्यांनी वर्गाला हजेरी लावली पण सराव थोडाच केला, त्यांची ती घसरली. काहीच न शिकलेल्यांचीही घसरली. गट लहान होता, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी एक व्यवहारी गोष्ट कळते: नुसतं ऐकून भागत नाही. झा स्वतः आता दिवसाला साधारण १२ मिनिटं सुचवतात.

७. जिथे सजगता चालत नाही

२०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. पण व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात सगळ्यांना सरसकट सजगता शिकवून, नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांचं मानसिक आरोग्य काही सुधारलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. लादलेली सजगता ही आणखी एक गृहपाठाची वही होते.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. माणसं निम्मी करायची, काम तेवढंच ठेवायचं आणि उरलेल्यांना ध्यानाचं अ‍ॅप भेट द्यायचं, हा प्रकार काही कंपन्यांत चालतो. थकलेला पगार श्वास मोजून मिळत नाही. त्यासाठी युनियन, वकील किंवा दुसरी नोकरीच लागते. तिसऱ्या, म्हणजे ‘करण्याजोगं’च्या रकान्यातलं काम दुसऱ्या कुणाच्या माथी असेल, तर ते त्याच्याकडून करून घेणं हाही त्या रकान्याचाच भाग आहे.

आणि आजार वेगळा, काळजी वेगळी. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या नैराश्यासाठी सजगतेवर आधारलेली खास उपचारपद्धत आहे. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी ती तयार केली. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं आहे त्यांना ते उलटू नये म्हणून ती उपयोगी पडते, पण ती प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायची असते. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरच्या एका अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या तोडीचा ठरला. याचा अर्थ चालू गोळी आपल्या मनाने बंद करा असा नाही.

काहींना डोळे मिटून श्वास पाहिला की बरं वाटायच्या ऐवजी घाबरंघुबरं होतं. पूर्वी मोठा आघात झालेल्यांच्या बाबतीत हे विशेष घडतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत आणि श्वास सोडून जमिनीला टेकलेल्या तळव्यांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर लक्ष न्यावं. तरीही त्रास होत असेल तर थांबावं. घर कोसळल्यासारखी अवस्था असताना थेट दहा दिवसांच्या मौनशिबिराला बसू नये. ते सावरल्यावर करायचं काम आहे. भास होत असतील, दोन आठवडे झोप-जेवण सुटलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर इथे सांगितलेलं काहीही करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक आहे. तो २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.